सफारीला सफारीच

माझ्या नवऱ्यानं आफ्रिकेच्या सफारीसाठी आम्हा सगळ्यांच्या कपड्यांचे रंग ठरवून दिले होते. मातकट, वाळूसारखा, सुक्या गवतासारखा आणि शेवाळी. याखेरीज दुसरा कुठलाही रंग बॅगेत सापडला तर तो बाहेर काढण्यात येईल, असं त्यानं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळतो. घरी तो हेच काम फुकट करतो.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निटमध्ये राहतो. जुलैतल्या शाळेच्या सुट्टीत टांझानियाला जायचं ठरलं होतं. आम्ही दोघं, पंधरा वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले माझे बाबा. आई गेल्यापासून बाबा दरवर्षी इकडे येतात, तेही नेमके आमच्या कडाक्याच्या थंडीत, आणि हीटरच्या झोताखाली खुर्ची टाकून बसतात. आफ्रिकेचं नाव काढलं तेव्हा वाटलं होतं की ते नको म्हणतील. ते म्हणाले, "सिंह मोकळे असतात ना? मग येतो. पेशवे पार्कातला सिंह आयुष्यभर झोपलेलाच पाहिलाय."

नवऱ्याचे नियम पुष्कळ होते आणि दुर्दैवानं प्रत्येक नियमाला कारण होतं. शेवटचा टप्पा लहान विमानाचा, म्हणून प्रत्येकी एकच बॅग, तीही मऊ कापडाची, बिनचाकांची, पंधरा किलोंच्या आत. पांढरे कपडे नकोत, कारण संध्याकाळपर्यंत ते धुळीनं लाल होतात. भडक नकोत, कारण प्राणी बुजतात. मिलिटरीसारखे ठिपक्याठिपक्यांचे नकोत, कारण तिकडे ते सैनिकांशिवाय कुणी घालायचे नसतात. निळे आणि काळे तर अजिबात नकोत, कारण तिथे त्सेत्से नावाची एक माशी असते आणि ती नेमकी याच दोन रंगांवर धावून येते.

"डॅड, आय ओन्ली ओन ब्लॅक," लेक म्हणाली. ते खरंच होतं. तिचं कपाट उघडलं की आत दिवा लागला नाहीये असं वाटतं.

"मग नवीन घेऊ," नवरा आनंदानं म्हणाला. त्याला कारणच हवं होतं. त्या शनिवारी दुपारी तो कॅम्पिंगच्या दुकानातल्या सेलमधून दोन मोठ्या पिशव्या भरून घेऊन आला. रुंद कडेची हॅट, लगेच वाळणारे शर्ट, कमरेला बांधायचे पाऊच, आणि चौघांनाही गुडघ्याशी चेन असलेल्या पँटी. चेन उघडली की खालचा भाग सुटून येतो आणि पँटची हाफपँट होते.

बाबांनी ती पँट उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "म्हणजे चालता चालता अर्धी पँट निघून येते?"

"सकाळी थंडी, दुपारी ऊन, बाबा. तीच तर सोय आहे."

"आमच्याकडे याला फजिती म्हणतात, जावईबापू." त्यांनी पँटीची नीट घडी घातली आणि ती नवऱ्याच्या ढिगावर ठेवून दिली. "मला नको. मी माझं घेऊन आलोय."

मग त्यांनी खोलीतून एक हँगर आणला. वरचं मलमलीचं आच्छादन काढलं आणि आत सफारी सूट! बिस्किटाच्या रंगाचा, अर्ध्या बाह्यांचा, चार खिशांचा, कमरेला पट्टा शिवलेला. माझ्या लग्नात त्यांनी घातला होता तोच. कापड आईनं निवडलं होतं, मला आठवत होतं. त्याच्या मागून दुसरा निघाला, गडद निळा, रिटायर होताना निरोपसमारंभाला शिवलेला.

"आफ्रिकेत सफारीला जायचं आणि सफारी घालायचा नाही?" बाबांनी विचारलं. "मग त्याला सफारी म्हणतात कशाला?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं कुकरकडे पाहायला लागले.

"बिस्किटाचा ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण निळा नाही, बाबा. माश्या."

"मी डेक्कनला राहतो. मला माश्यांचं काय सांगता."

दोन्ही सूट कमरेत घट्ट झाले होते. पलीकडच्या गल्लीत एक पंजाबी काकू घरी बसून कपडे दुरुस्त करून देतात. बाबा माकडटोपी घालून, हातात पिशवी घेऊन त्यांच्याकडे एकटेच चालत गेले आणि तासाभरानं खुशीत परत आले. काकूंनी म्हणे माप घेताना सांगितलं होतं, "अंकलजी, सूट तो वही है, अंदर का आदमी बढ़ गया है." हे वाक्य त्यांनी मला, लेकीला आणि फोनवरून पुण्यातल्या तीन मित्रांना ऐकवलं.

खरा गोंधळ झाला तो निघायच्या आदल्या दिवशी. नवऱ्याला ऐनवेळी आठवलं की टांझानियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे. विमानतळावरच काढून घेतात. आणि बाबांची बॅग म्हणजे पिशव्यांचं माहेर. मोजे एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, औषधं तिसरीत, आणि चकल्या चिवडा चटणी यांना प्रत्येकी दोन. वर काही नुसत्या घडी घातलेल्या, "लागतील म्हणून".

"या सगळ्या काढायच्या," नवरा म्हणाला.

"मग सामान काय हातात धरून नेऊ?"

मी जुने उशांचे अभ्रे काढले. अर्ध्या तासात बाबांची औषधं गुलाबी फुलांच्या अभ्र्यात, मोजे बदकांच्या अभ्र्यात आणि चकल्या लेकीच्या लहानपणच्या चांदण्यांच्या अभ्र्यात गेल्या. नवऱ्यानं एकेक करून चौघांच्याही बॅगा काट्याला लटकवल्या. वजन जास्त भरलं. त्यानं चकल्या काढल्या, चटणी काढली, दुर्बीण काढली, टॉर्च काढला, माझी जाड शाल काढली आणि लेकीची काळी हूडी तर तिच्या बॅगेच्या तळातून अशी ओढून काढली, जणू साप सापडलाय.

"आता बरोबर," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

बाबा, मी आणि लेक त्या बाजूला पडलेल्या ढिगाकडे पाहत बसलो. लेक हळूच म्हणाली, "आजोबा, युवर जॅकेट हॅज फोर पॉकेट्स."

"आतून आणखी दोन आहेत," बाबा म्हणाले.

त्या कटात मी होते. नाही म्हणणार नाही.

दोन विमानं बदलून आम्ही आरुशा नावाच्या गावी पोचलो आणि तिथून सेरेंगेटीला जाणाऱ्या लहान विमानापाशी. नवरा नखशिखांत वाळूच्या रंगाचा. त्याच्यासारखेच वाळूच्या रंगाचे आणखी दहा-बारा प्रवासी, तीच हॅट, त्याच चेनच्या पँटी. लांबून बघितलं तर एखाद्या शाळेची सहल वाटली असती. आणि त्यांच्यामध्ये बिस्किटाच्या सफारीत बाबा, जरा फुगलेले. उजव्या खिशात चकल्या, डाव्यात दुर्बीण, वर टॉर्च आणि चटणी, आतल्या खिशांत माझी, नावं न घेतलेली बरी अशी सौंदर्यप्रसाधनं, आणि पोटाला गुंडाळलेली लेकीची काळी हूडी. माझी शाल त्यांनी कोटाच्या आत पाठीवर पसरली होती. त्यामुळे ते मान वळवायला संपूर्ण वळत होते.

बॅगा काट्यावर ठेवल्या. चारही पास. नवऱ्यानं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं.

मग काट्यापाशी उभ्या असलेल्या बाईंनी हसून बाबांना बोलावलं. "आता तुम्हीसुद्धा या, म्झे." लहान विमान असल्यामुळे प्रवाशांचंही वजन बघतात, हे नवऱ्याला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

बाबा काट्यावर चढले. बाईंनी आकडा पाहिला. बाबांकडे पाहिलं. परत आकडा पाहिला. त्याच क्षणी बाबांच्या खिशात एक चकली कडकन मोडली.

"ब्रेकफास्ट चांगला झालेला दिसतोय," बाई गंभीरपणे म्हणाल्या आणि त्यांनी आकडा लिहून घेतला. बाबांना विमानात अगदी मधली सीट मिळाली, तोल राहावा म्हणून. नवरा प्रवासभर खिडकीबाहेर बघत होता. खाली जिराफ दिसले तरी त्यानं कॅमेरा काढला नाही.

पण खरी गंमत कॅम्पवर झाली. आम्ही गाडीतून उतरलो तर कॅम्पचा मॅनेजर नवऱ्याला ओलांडून थेट बाबांपुढे गेला आणि मान झुकवून म्हणाला, "शिकामू, म्झे." ओला गार टॉवेल पहिल्यांदा बाबांना. सरबत पहिल्यांदा बाबांना. जेवणाच्या तंबूत नदीकडे तोंड असलेली खुर्ची बाबांना.

"काय चाललंय हे?" नवऱ्यानं मला विचारलं.

उत्तर आमच्या ड्रायव्हरकडून मिळालं. चाळिशीचा, बोलका गृहस्थ, तोच आमचा वाटाड्याही होता. तो म्हणाला, आमच्याकडे असा सूट मोठी माणसं घालतात. मंत्री, हेडमास्तर, कलेक्टरसारखे साहेब. म्झे म्हणजे वडीलधारे. वडीलधाऱ्या माणसाला शिकामू म्हणायचं, म्हणजे नमस्कार करतो. आणि त्यानं उत्तर द्यायचं, मरहबा.

"आणि आम्ही घातलंय ते?" नवऱ्यानं आपल्या शर्टाकडे बोट दाखवत विचारलं.

ड्रायव्हर सभ्य माणूस होता. "ते टूरिस्ट घालतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा चहा घ्यायला आला तेव्हा बाबा आधीच खुर्चीत बसले होते. सूट, त्यावर माझी शाल, डोक्यावर माकडटोपी. नवरा म्हणाला, "गुड मॉर्निंग, बाबा."

बाबा कप खाली ठेवून ताठ बसले. नुसते वाट बघत राहिले.

लेक फिस्कन हसली. नवऱ्यानं एक मोठा श्वास घेतला. "शिकामू, म्झे."

"मरहबा, जावईबापू, मरहबा. बसा."

उघड्या छताच्या गाडीत उभं राहून सिंह बघायचे म्हणजे पहाटेच्या वाऱ्याला तोंड द्यायचं. आफ्रिका म्हणजे ऊन असं आम्ही धरून चाललो होतो. तिथे दात वाजत होते. बाबांची माकडटोपी सगळ्यांना हसू येण्यासारखी दिसत होती, पण कान फक्त बाबांचेच शाबूत होते. नवऱ्याची हॅट मात्र पहिल्याच वळणावर उडाली. हनुवटीखाली बांधायची दोरी त्यानं वजन वाचवायला कापून टाकली होती. हॅट लोळत लोळत गवतात गेली आणि एका बिळापाशी थांबली. बिळातून तरसाचं पिल्लू बाहेर आलं. त्यानं ती हुंगली, कडेला धरली आणि ओढत आत नेली.

"खाली उतरून आणू का?" नवऱ्यानं विचारलं.

"पिल्लाची आई घरी असेल," ड्रायव्हर म्हणाला.

लेकीनं हे सगळं मोबाइलवर टिपलं होतं. त्या सहलीत आम्ही बिबट्या पाहिला, नदी ओलांडणारी विल्डबीस्टची, म्हणजे तिकडच्या रानगायींची, रांग पाहिली, तरी आजवर सर्वांत जास्त लोकांना दाखवलेला व्हिडिओ तोच आहे.

अशा रीतीनं नवऱ्याचं राज्य खालसा होत चाललं होतं. पण तिसऱ्या दिवशी बाबांनी निळा सूट घातला. तो बॅगेच्या तळाशी बदकांच्या अभ्र्यात, मोज्यांखाली लपून आला होता.

"बाबा, आज झाडीत जायचंय," नवरा म्हणाला. "मी हात जोडतो."

"बिस्किटाचा धुवायला दिलाय," बाबा म्हणाले. हे खरं होतं, पण मला वाटतं मॅनेजरवर निळ्याचाही काय परिणाम होतो ते त्यांना बघायचं होतं.

बाभळींची दाट झाडी सुरू झाली आणि पहिली माशी आली. साधी माशी हाकलली की उडते, ही उडत नव्हती. मग दुसरी आली. मग आम्ही मोजणं सोडून दिलं. सगळ्या बाबांवर. नवरा, मी, अगदी लेकसुद्धा शेवाळी रंगात निर्धास्त बसलो होतो आणि बाबांच्या पाठीवर जणू मनुका पेरल्या होत्या. चावा कापडातून लागत होता. बाबा "हॅट्! हॅट्!" करत होते, मी टॉवेलनं झोडपत होते, म्हणजे बऱ्याचदा बाबांनाच.

तेवढ्यात समोर एका झाडाला लटकवलेला कापडाचा मोठा तुकडा दिसला. अर्धा निळा, अर्धा काळा.

"ते काय आहे?" बाबांनी विचारलं.

"माश्यांचा सापळा," ड्रायव्हर म्हणाला. "कापडाला औषध लावलेलं असतं. रंग बघून माश्या येतात." तो क्षणभर थांबला. "तुमच्याच सुटाचा रंग आहे, म्झे."

नवऱ्यानं हाताची घडी घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी लेकीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

बाबांनी कोट काढला आणि खिसे रिकामे करून तो गाडीच्या मागच्या दांड्याला बांधला. माश्या त्याच्यामागे गेल्या. उरलेल्या रस्त्यात आम्ही शांतपणे हत्ती बघितले. बाबा बनियनवर, खांद्यावर माझी शाल घेऊन. थोड्या वेळानं नवऱ्यानं आपल्या बॅगेतून एक वाळूच्या रंगाचा शर्ट काढला आणि पुढे केला. बाबांनी तो घातला. मग चकल्यांचा अभ्रा उघडून आधी त्याच्यापुढे धरला. चकल्यांचा पार भुगा झाला होता. नवऱ्यानं मूठभर घेतला आणि तोंडात टाकला. चकल्या विमानात कशा आल्या, हे विचारलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा बिस्किटाचा सूट घडी घालून हातावर घेऊन तंबूबाहेर आले. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरनं सांगितलं होतं की त्याचे वडील गावात हेडमास्तर होते, आता घरी असतात, आणि असं कापड, अशी शिलाई आता मिळत नाही. अंगानंही तुमच्याएवढेच आहेत, म्हणाला होता. मागितला नव्हता. नुसता बाहीवरून हात फिरवला होता.

"बाबा, आईनं घेतलेलं कापड आहे ते," मी म्हणाले.

"माहितीये मला." त्यांनी कॉलरवरचा एक धागा काढून टाकला. "तुझ्या लग्नानंतर आत्ता घातला. मधे सगळी वर्षं डांबरगोळ्यांनीच घातला. तिला आवडलं असतं का ते?"

मी बाहीची घडी सरळ करून दिली. ड्रायव्हरनं सूट दोन्ही हातांनी घेतला. निळा सूट मात्र त्यानं स्वतःहून मागितला, गाडीच्या मागे कायमचा बांधायला.

राहिला प्रश्न बाबांनी परत काय घालून यायचं. ते जावयाच्या जादा चेनच्या पँटीत मेलबर्नला उतरले. पट्टा शेवटच्या भोकात, आणि चेहरा वाढदिवसाला मनाविरुद्ध नटवलेल्या मुलासारखा.

ऑस्ट्रेलियात शिरताना बाहेरची माती, बिया, पानं काही आणू देत नाहीत. सफारीहून आलो म्हटल्यावर एका ऑफिसरनं आम्हाला बाजूला घेतलं. बूट तपासले, तळवे धुऊन आणले. मग त्याची नजर बाबांच्या पँटकडे गेली. डाव्या पायाला गुडघ्याखाली कुसळंच कुसळं चिकटली होती.

"सॉरी मेट, या बिया आत नेता येणार नाहीत," तो म्हणाला. "ट्राउझर्स साफ कराव्या लागतील."

मी घाबरले. आता यांना कुठे नेऊन कपडे उतरवायला लावतात की काय. बाबांनी एकदा खाली पाहिलं. मग वाकून गुडघ्याशी चेन धरली, सर्रकन गोल फिरवली, पाय उचलला आणि पँटचा अख्खा खालचा भाग ऑफिसरच्या हातात दिला.

"कीप," बाबा म्हणाले.

ऑफिसरच्या मागे रांगेत उभं असलेलं कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. एक पाय झाकलेला आणि एक उघडा अशा अवस्थेत बाबा ट्रॉली ढकलत बाहेर पडले आणि सरकत्या दारापाशी जावयाला म्हणाले, "सोय चांगली आहे हो."

बाहेर बोचरी हवा होती. गाडीत हीटर लावला, लेक तिच्या काळ्या हूडीत गुरफटून झोपून गेली. टार्निटजवळ, जिथे नवी घरं संपून मोकळं रान सुरू होतं, तिथे बाबा एकदम ओरडले, "थांबवा!"

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. कुंपणापलीकडे पिवळ्या गवतात पाचसहा कांगारू उभे होते, कान टवकारून आमच्याकडे बघत. या रस्त्यानं बाबा महिनाभर रोज माझ्याबरोबर भाजी आणायला जात होते, आणि तेव्हाही हे इथेच चरत असायचे.

"इंजिन बंद," बाबा कुजबुजले. "कुणी हलू नका. वारा कुठून येतोय?"

"बाबा, मागे गाड्या आहेत."

"शू."

नवऱ्यानं इंजिन बंद केलं. मागून हॉर्न वाजला. एक कांगारू खाली बसून पोट खाजवायला लागला. बाबांनी काच उतरवली, उघड्या पायावर हात चोळत अर्धे बाहेर झुकले, आणि आम्ही सगळे गार वाऱ्यात, श्वास रोखून, त्याचं खाजवणं संपायची वाट बघत बसलो.